जुन्या गाडीची पुढची काच गळते? आधी पाण्याची वाट शोधा

माझ्या जुन्या गाडीत पाणी साचायचं ते ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. काचेखाली नाही, पायाशीही नाही, थेट सीटखालच्या मॅटमध्ये. काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर चिरलेलं दिसत होतं, म्हणून मी तिथे सिलिकॉनची ट्यूब पिळली. पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर. मग आणखी सिलिकॉन. तिसऱ्या खेपेला काचेची खालची कड शिकाऊ प्लंबरने बसवलेल्या बेसिनसारखी दिसायला लागली आणि पाणी होतं तिथेच होतं. शेवटी कार्पेट काढलं, डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झालो, टॉर्च लावला, तेव्हा कळलं की काचेचा यात काही संबंधच नव्हता. वायपरची दांडी पत्र्यातून जिथे बाहेर येते तिथली रबरी वॉशर फुटली होती. तिथून आत आलेला थेंब वायरींच्या जुडग्यावरून घरंगळत, पत्र्याच्या सांध्याच्या कडेकडेने सीटपर्यंत पोचायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

म्हणून या लेखात सीलंटची, म्हणजे फट बुजवायच्या लगद्याची, ट्यूब उघडायला मी तुम्हाला बराच वेळ लावणार आहे.

काच बसवलीय कशी, ते आधी बघा

बहुतेक जुन्या गाड्यांत पुढची काच रबरात बसलेली असते. या रबराचा आडवा तुकडा कापून बघितला तर त्याला दोन बाजूंना दोन खाचा दिसतील. एका खाचेत काचेची कड, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. काच ना स्क्रूने धरलेली असते ना गोंदाने. नुसत्या रबराच्या पकडीवर उभी असते. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना रबराचे जे पातळ काठ असतात त्यांना आपण इथे ओठ म्हणू. रबर तरुण असतं तोवर हे ओठ काचेला आणि पत्र्याला घट्ट चिकटून असतात. वय झालं की रबर आकसतं, कडक होतं, ओठ उचलले जातात.

म्हणजे पाण्याला मुख्य वाटा दोन: काच आणि रबर यांच्या मधून, किंवा रबर आणि पत्रा यांच्या मधून. तिसरी वाट रबराखाली लपलेली असते. पत्र्याची कड गंजून तिला भोक पडलेलं असतं. ही तिसरी सगळ्यात वाईट, कारण बाहेरून रबर अगदी ठीकठाक दिसतं.

रबरातही प्रकार आहेत. काही गाड्यांत रबर एकसंध असतं. काहींत रबराच्या बाहेरच्या बाजूला एक लांब चीर असते आणि तिच्यात वेगळी पट्टी दाबून बसवलेली असते; ती पट्टी पाचरीसारखं काम करते आणि रबराची पकड आवळते. जुन्या मिनी गाडीत असंच आहे. ही पट्टी सुटली किंवा आकसून तिच्या टोकांत फट पडली, तर रबर नवं असूनही काच गळते. काही गाड्यांत त्या चिरेत चकचकीत धातूची पट्टी असते. १९५६ पूर्वीच्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत काच दोन तुकड्यांची, त्यामुळे मधल्या उभ्या पट्टीचाही संशय घ्यावा लागतो. एमजीबीच्या उघड्या टपाच्या गाडीत काच अॅल्युमिनियमच्या चौकटीत आणि चौकट गाडीवर; तिथे चौकटीच्या तळाचं रबर हा आणखी एक उमेदवार.

आतून बघितल्यावर रबराचा ओठ कुठेच दिसत नसेल आणि काच काळ्या, टणक गोंदाने पत्र्यालाच चिकटवलेली असेल, तर ती युरेथेनने बसवलेली काच आहे. तिचं काम वेगळं, हत्यारं वेगळी, आणि अनेक गाड्यांत ती काच गाडीच्या मजबुतीचाच भाग असते. ते काम जाणकाराकडे द्या. पुढचं सगळं रबरवाल्या काचेसाठी आहे.

पाणी काचेतूनच येतंय का?

सगळ्यात आधी आलेलं पाणी बोटाला लावून बघा. बोटांना चिकट, तेलकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, गाडी कोरड्या जागी उभी असूनही ओल येत असेल, तर ते पावसाचं पाणी नाही. ते हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. ते चाखू नका, विषारी असतं. काचेवर आतून तेलकट धुकं धरणं हीही त्याचीच खूण.

मग बाकीचे संशयित. वायपरच्या दांड्या, बॉनेट आणि काच यांच्यामधली हवेची जाळी, तिच्याखालच्या पन्हळीत कुजलेल्या पानांनी तुंबलेली निचऱ्याची नळी, एरियलचं भोक, इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींच्या आणि केबलच्या रबरी बुचांच्या जागा, दरवाज्याचं रबर, दरवाज्याच्या आतल्या पॅनेलमागचा फाटका प्लॅस्टिकचा पडदा, टपाला सनरूफ असेल तर तिच्या नळ्या. तुंबलेली पन्हळ तर हमखास फसवते. पाणी साचून साचून हीटरच्या तोंडातून आत उतरतं आणि आपण काचेला दोष देत बसतो. ती साफ करायला दहा मिनिटं लागतात, म्हणून पहिलं काम तेच करा. अर्धी प्रकरणं इथेच मिटतात असं मी म्हणणार नाही, पण मिटली तर तुमचा एक अख्खा रविवार वाचला.

आता चाचणी. हिला दोन माणसं लागतात.

गाडीतलं कार्पेट, त्याखालचा नमदा, डॅशबोर्डची वरची पट्टी आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरची आतली आवरणं काढा. जुन्या आवरणांच्या क्लिपा तुटतात, घाई करू नका. आतला पत्रा फडक्याने कोरडा पुसा. कोपऱ्यांत हेअर ड्रायर फिरवा. मग काचेखालच्या आणि खांबांवरच्या उघड्या पत्र्यावर टॅल्कम पावडरचा हलका थर भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेर पाण्याचा पाइप धरायचा. पाइपाला नोझल लावायचं नाही. पाणी पाइपातून नुसतं ओघळू द्यायचं. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाला तर हातही लावू नका. तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो आणि उचलले गेलेले ओठ आणखी उचलतो.

पाणी सोडायचं ते खालून वर. आधी जाळीवर, पाच मिनिटं. मग वायपरच्या दांड्यांवर. मग काचेचा एक खालचा कोपरा, तळाची मधली कड, दुसरा कोपरा, मग बाजू, आणि शेवटी टपाकडची कड. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं थांबा, कारण पाण्याला आडवाटेने यायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली वाहतं आणि मग आत दिसलेला थेंब कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आतल्या माणसाला जे दिसायला हवं ते असं: पांढऱ्या पावडरीवर अचानक एक काळपट रेघ उमटते, केसाएवढी बारीक, आणि हळूहळू खाली सरकते. रेघ खाली कुठे चाललीय ते महत्त्वाचं नाही. तिचं वरचं टोक कुठे आहे ते बघा आणि तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. टपाकडच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी खांबाच्या कडेने उतरून पायाशी टपकतं, त्यामुळे खूण बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा बरीच वर सापडते.

गाडी उतारावर उभी असेल तर हे गणित बदलतं. नाक खाली असताना न गळणारी गाडी नाक वर केलं की गळते. म्हणून चाचणी सपाट जागेवर करा, आणि काहीच सापडलं नाही तर पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवून पुन्हा करा. उभी असताना कोरडी आणि पळताना गळणारी गाडी असेल तर एकच चाक फळीवर चढवून बघा. सांगाडा किंचित पिळवटतो आणि बंद दिसणारी फट उघडते.

जागा सापडली की आता वाट कोणती, काच-रबर की रबर-पत्रा, ते ठरवायचं. बाहेरून रबर जिथे रंगाला टेकतं ती रेघ रुंद मास्किंग टेपने बंद करा, खुणेच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात. पुन्हा पाणी सोडा. गळती थांबली तर पाणी रबर आणि पत्र्यामधून येत होतं. चालूच राहिली तर काच आणि रबरामधून. ही छोटीशी परीक्षा अनेक जण टाळतात आणि मग सगळीकडेच सीलंट भरतात.

एक उलटी परीक्षाही आहे. खिडक्या बंद करा, हीटरचा पंखा बाहेरची हवा आत घेईल असा पूर्ण वेगाने लावा, आणि बाहेरून रबरावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवा. आतली हवा फटीतून बाहेर पडते तिथे बुडबुडे येतात. पंखा दमदार असेल तर झकास चालते. पण जुन्या गाड्यांचे पंखे आवाज जास्त आणि हवा कमी, त्यामुळे बुडबुडे आले नाहीत म्हणजे गळती नाही असं समजू नका.

सीलंट पुरे की रबरच बदलायचं?

रबरावर नख दाबा. खळगा पडून लगेच भरून आला तर रबरात अजून जीव आहे. दाबल्यावर बारीक चिरा उघडल्या, किंवा नख दगडावर दाबल्यासारखं लागलं, तर सीलंट म्हणजे नुसती मलमपट्टी. कोपऱ्यांत रबर काचेपासून सुटून उभं राहिलं असेल, सांध्यात फट पडली असेल, तर तेच.

रबराच्या कडेने रंगाला फोड आले असतील, किंवा पावसानंतर रबराखालून तपकिरी ओघळ उतरत असेल, तर विषय संपला. काच काढावीच लागेल. आत गंज आहे आणि वरून सीलंट भरलंत तर ओल आतच कोंडून गंजाला आणखी खाऊ घालाल. काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये पातळ थर घालून दोन काचा चिकटवलेली, असेल तर तिच्या कडाही बघा. कडेने दुधाळ पांढरा डाग आत सरकत आलेला दिसला, तर दोन काचांमधला थर सुटायला लागलाय. तो डाग जात नाही. नवं रबर घालणारच असाल तर काचेचाही विचार आत्ताच करा.

काच न काढता दुरुस्ती

रबर मऊ आहे, गंज नाही, गळती एक-दोन जागीच आहे, अशा गाडीला हे पुरतं.

सीलंट कोणतं, यावर मी जरा हट्टी आहे. जुन्या गाडीच्या काचेला न सुकणारं मास्टिक वापरा. हे काळं, लोण्यासारखं मऊ असतं आणि वर्षानुवर्षं मऊच राहतं. गाडी हलली, रबर सरकलं, तर तेही सोबत सरकतं, आणि उद्या काच काढायची वेळ आली तर ती सुखाने निघते. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. ते सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवायला मदत करतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. मी लावलेलं सिलिकॉन खरवडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तीही प्लॅस्टिकची पट्टी आणि बोटांची नखं झिजवून. युरेथेन तर नकोच नको. ते काच, रबर आणि पत्रा यांची कायमची मोट बांधतं.

अगदी केसासारख्या फटींसाठी पातळ, आपोआप आत झिरपणारी सीलंटही मिळतात. काच आणि रबरामधल्या बारीक वाटेला ती चांगली. रुंद फटीत मात्र वाहून जातात.

काम असं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. शक्य असेल तर एक दिवस उन्हात ठेवा, नाहीतर ओठ उचलून हेअर ड्रायरची कोमट हवा आत सोडा. ओल्या जागी मास्टिक धरत नाही, आणि नवखे चुकतात ते बहुतेक इथेच. ओठाच्या दोन्ही बाजूंना, काचेवर आणि रंगावर, मास्किंग टेप लावा. प्लॅस्टिकची बोथट पट्टी ओठाखाली सरकवा. स्क्रू ड्रायव्हर घ्याल तर रंगाला ओरखडा पडेल, आणि दोन वर्षांनी तिथूनच गंज डोकं वर काढेल. पट्टीने ओठ उचलून धरा, मास्टिकच्या नळीचं तोंड आत खोलवर घाला आणि सावकाश पिळत पुढे सरका. खुणेच्या दोन्ही बाजूंना किमान वीतभर जास्त भरा. पट्टी काढा, ओठ अंगठ्याने दाबा. थोडं मास्टिक बाहेर येईल. यायलाच हवं, म्हणजे आत भरलं. ते लाकडी काडीने खरवडा, टेप काढा, उरलेलं व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रवाने) किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसा. फडकं निथळतं नको, आणि रबरावर घासत बसू नका. असे द्रव रबराला फुगवतात. रंग जुना असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

एक धोका लक्षात ठेवा. पाणी वरच्या कडेने आत शिरत असताना फक्त खालचा बाहेरचा ओठ बंद केला, तर आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही. ते खाचेत तळ ठोकतं आणि पत्रा खातं. म्हणून काम वरून खाली करा, आणि तळाला निचऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं असतील तर ती बुजवू नका.

काच काढून नवं रबर घालणं

नवं रबर तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचं आणि वर्षाचं घ्या. दिसायला सारखी रबरं खाचेच्या रुंदीत वेगळी असतात. काच आधीच कुणीतरी बदललेली असेल तर तिची जाडी मोजा. मूळ टफन्ड (तापवून कणखर केलेल्या एकाच थराच्या) काचेच्या जागी लॅमिनेटेड बसवली असेल तर जाडीत फरक पडू शकतो, आणि मग योग्य म्हणून आणलेलं रबर सैल किंवा घट्ट होतं.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, यात सूट नाही. काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड, हे कोपऱ्यातल्या छापावरून बघून घ्या. टफन्ड काचेच्या कडेवर एक नेमका टोला बसला की तिचे क्षणात हजारो तुकडे होतात. लॅमिनेटेड तडकते, पण विखुरत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०३ मध्ये हातून पडलेलं एक काचेचं भांडं तडकूनही विखुरलं नाही, हे बघितलं. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यावरूनच १९०९ चं त्यांचं पेटंट आलं. आपल्यापुरता अर्थ एवढाच की लॅमिनेटेड काच फुटताना दयाळू असली तरी वाकवलेली तिला अजिबात खपत नाही. एका कोपऱ्यावर जोर दिलात की एक लांब तडा जातो, आणि तो आवाज तुम्ही विसरत नाही.

वायपरचे हात आणि आतला आरसा काढा. बॉनेटवर जाड चादर घाला. चकचकीत पट्टी असेल तर ती सावकाश सोडवा. ती वाकली की पुन्हा सरळ होत नाही. पाचरीची पट्टी असेल तर तिचा सांधा शोधून एक टोक बोथट हत्याराने उचला आणि पूर्ण ओढून काढा. रबराची पकड लगेच ढिली होते.

जुनं रबर वाचवायला जाऊ नका. बाहेरून धारदार ब्लेडने काचेवरचा ओठ सगळ्या बाजूंनी कापून टाका. ब्लेडचं पातं काचेकडे ठेवा, पत्र्याकडे कधीही नाही. ओठ गेला की काच मोकळी होते. एकाने आतून वरच्या कोपऱ्यांजवळ दोन्ही तळव्यांनी सारखा दाब द्यायचा, दुसऱ्याने बाहेर काच झेलायची. पायाने रेटणारे लोक मी बघितलेत. त्यांच्यापैकी काहींच्या काचा वाचल्या. काच निघाली की जाड घडी केलेल्या चादरीवर ठेवा आणि कडेला चिकटलेलं जुनं सीलंट खरवडून काढा.

आता खरं काम दिसतं: पत्र्याची कड.

इथे वेळ घालवा. तळाचे दोन कोपरे आणि तळाची मधली कड आधी बघा, पाणी साचतं ते तिथेच. तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, मग पेचकसाच्या टोकाने जागोजाग दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा संपलाय. तिथे नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गंज झाकण्याचा मोह होतो. करू नका. लांबीने कड जाड होते, रबराची खाच तिच्यावर नीट बसत नाही, आणि वर्षभरात लांबी तडकून तुम्ही पुन्हा इथेच याल. गंज नुसता वरवरचा, खड्ड्याखड्ड्यांचा असेल तर फॉस्फरिक अॅसिडचं गंजनाशक लावा, सांगितलेला वेळ थांबा, साफ करा, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. रंग पूर्ण वाळू द्या. कच्च्या रंगावर रबर चढवलंत तर रबर रंगात रुतून बसतं.

कोपऱ्यांत पत्र्याचे दोन-तीन थर एकमेकांवर येऊन वेल्ड केलेले असतात आणि तिथे एक छोटी पायरी तयार होते. बाहेरून बघताना लक्षातही येत नाही, पण बोट फिरवलं की लागते. रबर या पायरीवर कितीही दाबलं तरी बाजूला सुईएवढी पोकळी राहते. नवं रबर घालूनही कोपऱ्यात गळणाऱ्या गाड्यांचं गुपित बहुतेक वेळा हेच. तिथे पत्र्याच्या सांध्यांसाठी मिळणारं सीम सीलर बोटाने पातळ भरून पायरीचा उतार करा आणि सुकू द्या. कड कुठे वाकली असेल तर तीही लाकडाच्या आधाराने सरळ करा.

नवं रबर गार आणि ताठर असेल तर अर्धा तास उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवा. रबर अखंड साच्यातलं असेल तर कोपरे काचेच्या कोपऱ्यांवर नेमके बसवा. लांबीने कापून जोडायचं असेल तर घेरापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त कापा. ओढून ताणून पुरवलेलं रबर पुढे आकसतं आणि सांधा उघडतो. सांधा वरच्या कडेच्या मध्यावर ठेवायला मला आवडतं, कारण पाणी थांबतं ते तळाला. पण रबरासोबत वेगळी सूचना आली असेल तर तिचंच ऐका.

एकसंध रबराची पद्धत अशी. रबर काचेवर चढवा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीटलमध्ये, चकचकीत पट्टी याच वेळी रबरात घालायची असते. नंतर ती घालणं म्हणजे छळ. आता पत्र्यासाठी जी खाच आहे तिच्यात चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवून घाला. दोरी घेरापेक्षा मीटरभर लांब हवी. दोन्ही टोकं तळाच्या मध्यावर वीतभर एकमेकांवरून जाऊन आतल्या बाजूला लोंबली पाहिजेत. टोकं टेपने काचेच्या आतल्या अंगाला चिकटवा. पत्र्याच्या कडेला आणि खाचेला साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. तेल, ग्रीस, पेट्रोलियम जेली चालणार नाही.

दोघांनी काच उचलून बाहेरून जागेवर टेकवा आणि मध्यभागी आली का, ते डावी-उजवीकडचं अंतर बघून ठरवा. आता एकाने आत बसून दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे, काचेला समांतर, सावकाश ओढायचं. दोरी सुटत जाते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. एक मऊ ‘टप’ ऐकू येतो, मग पुढचा टप. बाहेरच्या माणसाने दोरी जिथे चाललीय बरोबर तिथेच उघड्या तळव्याने दाब द्यायचा, हलक्या चापट्या मारायच्या. तळ आधी, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची कड. ओठ कुठे अडला तर दोरी जोरात ओढू नका, ओठ फाटतो. थांबा, साबण लावा, प्लॅस्टिकच्या पट्टीने ओठ पत्र्याच्या कडेवरून आत घ्या, पुढे चला. पहिल्या प्रयत्नात काच वाकडी बसली तर काढून पुन्हा बसवा. मी तीनदा काढली होती, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत आत बसलेला मित्र बोलायचा बंद झाला होता.

पाचरीच्या पट्टीवाल्या रबराचा क्रम उलटा: आधी रबर पत्र्यावर, मग काच रबरात, शेवटी पट्टी. पट्टी घालायला टोकाला कडी असलेलं एक खास हत्यार मिळतं. ते नक्की घ्या. स्क्रू ड्रायव्हरने पट्टी बसवण्याच्या नादात लोक रबर फाडतात. पट्टीही ताणायची नाही. शेवटी थोडी जास्त ठेवून कापा आणि दाबून बसवा.

मास्टिक मी काच बसवल्यावर भरतो. आधी भरलं तर काच बसवताना ते हाताला, कपड्यांना, टपाला, सगळीकडे लागतं, आणि साबणाच्या पाण्याशीही त्याचं जमत नाही. त्यामुळे काच बसवून साफ पाण्याने साबण धुवा, एक दिवस पूर्ण सुकू द्या, मग वर सांगितलेल्या पद्धतीने आधी रबर आणि पत्र्यामध्ये, नंतर काच आणि रबरामध्ये बाहेरच्या ओठाखाली सगळ्या घेराला मास्टिक भरा. कोपऱ्यांत थोडं जास्त.

नंतरचं

पाइपाची चाचणी पुन्हा करा, तीच, खालून वर, पावडर भुरभुरून. न सुकणाऱ्या मास्टिकला थांबायची गरज नसते, त्यामुळे लगेच केली तरी चालते. मग गाडी थोडी खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा आणि पुन्हा करा. फिरवल्यावर रबर जागेवर बसतं आणि एखादा कोपरा उघडा पडलाच तर तेव्हाच कळतो.

गाडीच्या आतल्या ओलीकडे दुर्लक्ष नको. कार्पेट वरून हाताला कोरडं लागतं, पण खालचा नमदा स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि फरशीचा पत्रा खालून नव्हे, वरून गंजतो. नमदा बाहेर काढून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. कुबट वास जात नसेल तर नवा घाला. फरशीवरचा डांबरी थर कुठे उचलला असेल तर तो काढून खालचा पत्रा बघा. फ्यूजचा डबा आणि डॅशबोर्डखालचे वायरींचे जोड उघडून हिरवट थर आलाय का, ते तपासा. गळती थांबल्यावर महिन्याभराने वायपर किंवा दिवे रुसतात ते यामुळेच.

आणि कार्पेट लगेच परत घालू नका. उघड्या पत्र्यावर पुन्हा पावडर भुरभुरून ठेवा आणि दोन-चार चांगले पाऊस होऊ द्या. मी माझ्या गाडीत तिसऱ्या पावसानंतर सीटखाली वाकून बघितलं. पावडर होती तशीच होती, फक्त तिच्यावर मांजराची चार पावलं उमटलेली. खिडकी उघडी राहिली होती.